सात्त्विक संताप नक्की कोणाचा?

‘इंडिग्नंट’ म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आपण सांगून मोकळे होतो: सात्त्विक संताप आलेला. उत्तर चूक नाही, परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील. पण भाषांतराची कामं करताना या एका विशेषणाशी माझी जितकी झटापट झाली आहे, तितकी भल्याभल्या तांत्रिक शब्दांशीही झालेली नाही. तांत्रिक शब्द बिचारे सरळ असतात. एकदा प्रतिशब्द ठरला की मुकाट नांदतात. हा मात्र दर वेळी नवं तोंड घेऊन येतो. कधी भर संसदेत उभं राहून गरजणाऱ्या माणसाला लागतो, तर कधी बळजबरीने आंघोळ घातलेल्या मांजराला.

मांजराला सात्त्विक संताप आला, असं लिहून बघा.

अडचण ‘सात्त्विक’मध्ये आहे. तो शब्द प्रमाणपत्र देतो. अमक्याला सात्त्विक संताप आला असं मी लिहिलं, की त्याचा राग रास्त होता हे मीही मान्य करून टाकलं. इंग्रजी शब्द ही जबाबदारी अंगावर घेत नाही. या माणसाला राग आलाय आणि अन्याय झाल्याची त्याची ठाम समजूत आहे, एवढंच तो सांगतो. समजूत बरोबर की चूक, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. राग सात्त्विक असतो तो रागावणाऱ्याच्या स्वतःच्या नजरेत. म्हणून तर रंगेहाथ पकडलेला चोरसुद्धा इंडिग्नंट होऊ शकतो, आणि पुष्कळदा होतोच. लाच घेतल्याचा आरोप झालेला पुढारी तो ताडकन फेटाळतो, तेव्हा इंग्रजी वार्ताहर त्या खुलाशाला हेच विशेषण जोडतो. त्यात बातमी तर असतेच, वर वार्ताहराची किंचित उंचावलेली भुवईही असते.

आणि मराठीत तरी ‘सात्त्विक संताप’ सरळ अर्थाने कोण वापरतं आता? ‘आला यांना सात्त्विक संताप!’ असाच तो कानावर पडतो, बहुधा पाठ फिरल्यावर. इतक्या लोकांनी हे प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने स्वतःला देऊन घेतलं की त्याची पतच गेली. इंग्रजीत ‘रायचस इंडिग्नेशन’ या जोडगोळीचंही फार वेगळं झालेलं नाही. ‘मी इंडिग्नंट आहे’ असं तिथेही सहसा कुणी स्वतःबद्दल म्हणत नाही. शब्द वापरायचा तो दुसऱ्याबद्दल, चार पावलं लांब उभं राहून.

माझ्या भाचीच्या रूपात हा शब्द मी साक्षात पाहिला आहे. सापशिडी चालली होती. तिची सोंगटी ९७ वर, ९८ वर भला थोरला साप आ वासून बसलेला, आणि फासा पडला एक. तिने सोंगटी उचलली, हवेत उगाच एक गिरकी दिली आणि अलगद ९९ वर ठेवली. भाऊ ओरडला, ‘ए, चीटिंग!’ त्यावर जे झालं ते बघण्यासारखं होतं. आधी ती स्तब्ध झाली. मग नाकपुड्या फुलल्या, खालचा ओठ पुढे आला आणि आवाज दोन पट्ट्या वर गेला. ‘तू मला चीटर म्हणालास?’ सापाचा विषय संपला होता. खटला आता वेगळ्याच कलमाखाली उभा राहिला होता: मला, म्हणजे मला, असं बोलायची हिंमत कशी झाली! ती नाटक करत नव्हती. डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. लबाडी होती ती सोंगटीत, रागात तिचा लवलेश नव्हता. आणि मोठी माणसंही हेच करतात, फक्त त्यांचा ओठ पुढे येत नाही.

शब्दाची कुळी पाहिली की हे कोडं थोडं सुटतं. लॅटिनमध्ये ‘डिग्नस’ म्हणजे लायक, योग्य. त्याला नकाराचा ‘इन’ लागला. ‘डिग्निटी’ म्हणजे प्रतिष्ठा त्याच घरातली, ‘डिसडेन’ म्हणजे तिरस्कारही तिथलाच. नाजूकसाजूक ‘डेन्टी’सुद्धा याच खानदानातली निघते, हे कळलं तेव्हा मला फार मौज वाटली होती. मराठीत या लॅटिन शब्दाच्या सगळ्यांत जवळ जाणारं काही असेल तर ते आपलं साधं ‘शोभत नाही’. हे तुला शोभत नाही. हे या घराला शोभत नाही. मोठमोठ्या धर्मग्रंथांनी जे साधलं नसेल ते या दोन शब्दांनी कित्येक पोरांच्या बाबतीत साधलं आहे.

पण काय शोभत नाही आणि कोणाला? इथे वाट दुभंगते. हे कृत्य माणुसकीला शोभत नाही, ही एक वाट. ही वागणूक माझ्यासारख्याला शोभत नाही, ही दुसरी. पहिल्या वाटेने गेलं तर मोर्चे निघतात, कायदे बदलतात. दुसऱ्या वाटेने गेलं तर विमानतळाच्या काउंटरवर ‘मी कोण आहे माहीत आहे का?’ असा आवाज चढतो. इंग्रजी विशेषण दोघांनाही सारखंच बसतं, आणि ही त्याची गफलत आहे असं मला वाटत नाही. खऱ्या आयुष्यात या दोन वाटा इतक्या जवळून जातात की आपण कुठल्या वाटेवर आहोत हे चालणाऱ्यालाही धड सांगता येऊ नये.

आता मराठीत रागाला काही तोटा नाही. तळपायाची आग मस्तकात जाते, पित्त खवळतं, अंगाचा तिळपापड होतो, डोक्यात तिडीक उठते. ‘राग’ हा शब्दच मुळात रंगाचा, लालीचा. ‘संताप’ म्हणजे ताप. ‘क्षोभ’ म्हणजे ढवळून निघणं. शिवाय रागाच्या तऱ्हा: तणतण, चरफड, धुसफूस, थयथयाट, त्रागा, फणकारा. राग कुठे चढला, कसा बाहेर पडला, किती आवाज झाला, भांडी आपटली की नुसतीच दारं, हे मराठी इतक्या बारकाईने सांगते की वाचणाऱ्याला घाम फुटावा. पण तो का आला, हे यातल्या एकाही शब्दात नाही. ‘इंडिग्नंट’चं नेमकं उलट. त्यात तापमान नाही, कारण आहे. असा माणूस ओरडेल किंवा मिठाची गुळणी धरून बसेल, लालबुंद होईल किंवा पांढराफटक पडेल, पण त्याच्याकडे तक्रार असायलाच हवी. निव्वळ डोकं फिरलं म्हणून कुणी इंडिग्नंट होत नाही.

एक शब्द मात्र जवळ येतो, तो म्हणजे ‘चीड’. अन्यायाची चीड येते, ढोंगाची येते. माणसाचा राग येतो आणि त्याच्या वागण्याची चीड येते, हा फरक कुणी शिकवल्याशिवाय आपण तंतोतंत पाळतो. दिवसभर कोसळणाऱ्या पावसाचा वैताग येईल, चीड येणार नाही, कारण पावसाने कुठलाच नियम मोडलेला नसतो. मी कितीतरी ठिकाणी ‘चीड’ वापरून वेळ निभावली आहे. पण या घराण्याचं एक दुखणं आहे. त्याच धातूतून चिडचिड निघते आणि चिडका बिब्बाही निघतो. ‘तो चिडून म्हणाला’ असं लिहिलं की सगळं गांभीर्य गळून पडतं आणि उरतो नुसता एक किरकिरा माणूस.

संस्कृतात मात्र एक हिरा पडून आहे. नाट्यशास्त्रात भरतमुनीने ३३ व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन-जाऊन असणारे भाव, मोजले आहेत. क्रोध त्यांत नाही, तो रौद्र रसाचा स्थायी, म्हणजे टिकून राहणारा भाव म्हणून वेगळा बसलेला आहे. या ३३ मध्ये आहे ‘अमर्ष’. मृष् म्हणजे सोसणं, अमर्ष म्हणजे न सोसणं. विद्या, ऐश्वर्य, शौर्य, बळ यांत जे आपल्याहून वरचढ आहेत, त्यांच्याकडून अपमान झालेल्या माणसाच्या मनात तो उपजतो, असं भरत सांगतो. म्हणजे राजाचा दासावरचा राग हा अमर्ष नव्हे, दासाला राजाविषयी जे वाटतं तो अमर्ष. तो रंगमंचावर दाखवायचा कसा? डोकं हलवणं, घाम येणं, मान खाली घालून विचारात पडणं. आणि मग उपाय शोधणं, साथीदार शोधणं. या शेवटच्या दोन गोष्टींपाशी मी बराच वेळ थांबले होते. आपल्या नेहमीच्या रागाला साथीदार लागत नाहीत, तो एकट्यानेही यथेच्छ करता येतो. हा राग मात्र इकडे तिकडे बघतो. कुणी माझ्या बाजूने उभं राहणार आहे का, हे चाचपतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात हर्ष, भय, उद्वेग यांच्या पंगतीत अमर्ष येतो, पण यांतून मुक्त झालेला भक्त मला प्रिय आहे, असं सांगण्यासाठी. रोजच्या मराठीने बाकीचे तिन्ही ठेवून घेतले आणि अमर्षाला तेवढं सोडून दिलं.

वापराचं थोडं सांगून टाकते, कारण ठेच इथेच लागते. आपण माणसा‘वर’ रागावतो, म्हणून इंग्रजी लिहितानाही हात आपोआप ‘ऑन’कडे जातो. हे विशेषण गोष्टीबद्दल असेल तर ‘ॲट’, ‘अबाउट’ किंवा ‘ओव्हर’ मागतं, माणसाबद्दल असेल तर ‘विथ’. ‘दॅट’ लावून अख्खी तक्रारही पुढे मांडता येते. त्याचा गोतावळा ठरलेला आहे: इन्कार, निषेध, पत्र, शांतता. इंग्रजी बालकथांत कोंबड्या, बदकं आणि टोपी हरवलेले म्हातारे सर्रास ‘इंडिग्नंटली’ बोलतात. आणि ‘इंडिजिनस’ किंवा ‘इंडिजंट’शी याचं काडीचंही नातं नाही, पहिल्याचा अर्थ मूळनिवासी, दुसऱ्याचा निर्धन. मूळनिवासींच्या हक्कांवरच्या एका मसुद्यात ‘इंडिग्नंट लोकांच्या जमिनी’ असं छापून आलेलं मी दुरुस्त केलं होतं. करताना वाटलं, राहू दिलं असतं तरी वाक्य खोटं पडलं नसतं.

या विशेषणाला इंग्रजीत चलनातलं क्रियापद नाही. रागावणं आहे, भडकणं आहे, पण हे करणं नाही, फक्त तसं होणं आहे. फ्रेंचांकडे ते आहे. २०१० मध्ये स्तेफान एसेल या ९३ वर्षांच्या गृहस्थांची एक छोटी पुस्तिका फ्रान्समध्ये निघाली. नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात लढलेला, बुखेनवाल्ड छळछावणीतून वाचलेला माणूस. नाव: ‘अँदिन्ये-वू!’ सरळ आज्ञार्थ. तुम्हाला याची चीड येऊ द्या! पुस्तिका लाखांनी खपली. पुढच्या वर्षी १५ मे २०११ ला स्पेनमध्ये बेकारी आणि काटकसरीच्या धोरणांविरुद्ध लोक चौकाचौकांत उतरले, त्यांना ‘इंदिग्नादोस’ म्हणू लागले. म्हणजे विशेषणाचंच नाम झालं आणि नामाची चळवळ. इंग्रजी अनुवादकाला मात्र मूळ शीर्षक जसंच्या तसं आणता येईना, तिथे ‘टाइम फॉर आउटरेज’ झालं. (‘आउटरेज’मध्येही ‘आउट’ आणि ‘रेज’ नाहीत बरं का. ‘पलीकडे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून तो आलाय: मर्यादा ओलांडणं. आत ‘रेज’ दिसतो तो केवळ योगायोग.) भाषांतरात मार खाणारी मी एकटी नाही, हे पाहून जिवाला जरा बरं वाटलं.

राग आणि मत्सर यांच्यामधली भिंत किती पातळ आहे, हे सांगायला ॲरिस्टॉटलइतका चांगला माणूस नाही. वक्तृत्वशास्त्राच्या ग्रंथात त्याने एक जोडी लावली आहे. ज्याची लायकी नाही अशा दुःखात कुणी सापडलं की आपल्याला वाटते ती करुणा. ज्याची लायकी नाही असं सुख कुणाला मिळालं की आपल्याला होतो तो हा संताप. दोन्ही एकाच सुस्वभावाची लक्षणं, असं तो म्हणतो. मत्सर वेगळा, कारण मत्सरी माणसाला समोरच्याची लायकी मोजायचीच नसते. आपल्या बरोबरीच्याला मिळालं, एवढंच त्याला सलतं. कागदावर हे फार स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात सहकाऱ्याची बढती झाल्याची बातमी आल्यावर, पोटात जे होतं ते न्यायबुद्धीमुळे की जळफळाटामुळे, हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखून दाखवावं कुणीही. मला एकच खूण सापडली आहे. जळफळाट झालेला माणूस पुरावे गोळा करतो ते घरी बायकोला किंवा नवऱ्याला ऐकवण्यासाठी. दुसऱ्या जातीचा संताप ते संबंधितांसमोर मांडायला निघतो.

माणसाबाहेरही हा भाव दिसतो का? २००३ मध्ये सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या संशोधकांचा कॅपुचिन माकडांवरचा प्रयोग ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला. माकडाने खडा परत द्यायचा आणि बदल्यात काकडीचा तुकडा घ्यायचा. काकडीवर माकड खूश असतं. पण शेजारणीला त्याच कामाचं द्राक्ष मिळताना दिसलं की ते काकडी नाकारू लागतं. या प्रयोगाची जी चित्रफीत जगभर पाहिली गेली, तिच्यात माकड काकडीचा तुकडा बघतं, हात बाहेर काढतं आणि तो थेट देणाऱ्या बाईंच्या दिशेने भिरकावतं. मग जाळी गदागदा हलवतं. सभागृह हसतं, आणि हसतं कारण ओळख पटते. हा राग अन्यायाचा की निव्वळ अपेक्षाभंगाचा, यावर पुढे संशोधकांत वाद झाले, ते होणारच. माझं लक्ष मात्र शेजारच्या पिंजऱ्याकडे जातं. द्राक्षवालं माकड निवांत द्राक्ष खात असतं.

माणसाच्या रांगेतही याहून फार वेगळं चित्र नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १२९ रांगांत मुद्दाम माणसं घुसवून पाहिली. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये जायचं आणि शांतपणे उभं राहायचं. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं ते असं की हरकत घेतली ती बहुतेक मागच्यांनी. ज्यांच्या पुढे कुणी घुसलं नव्हतं ते पुढचे लोक सहसा पुढेच बघत राहिले. नियम सगळ्यांसमोर मोडला होता, पण चीड आली ती जिथे आपला नंबर एकाने मागे सरकला तिथून.

म्हणून मला महाभारतातला विकर्ण फार मोठा वाटतो. द्यूतसभेत द्रौपदीने काय केलं ते आधी आठवू या. आपल्या मनावर ठसलेला असतो तो तिचा आक्रोश, सुटलेले केस, प्रतिज्ञा. पण न्यायला आलेल्या दुर्योधनाच्या सेवकाला, प्रातिकामीला, तिने आधी एक प्रश्न देऊन परत पाठवलं: जा, त्या जुगाऱ्याला विचारून ये, तू आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? जो स्वतःलाच हरला, त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का? अंगाची आग होत असताना तिने कायद्याचा मुद्दा काढला आणि तो भर सभेसमोर ठेवला. इंडिग्नंट या शब्दाचा गाभा मला इथे दिसतो. हा राग तोंड सोडत नाही, प्रश्न विचारतो. त्याला दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात: नियम नावाची काही चीज आहे, आणि ऐकणारं कुणीतरी समोर बसलं आहे.

समोर भीष्म होते. धर्माची गती सूक्ष्म आहे, म्हणाले. इतकं हताश वाक्य महाभारतात दुसरं नसेल. तेव्हा उठला तो विकर्ण. दुर्योधनाचा भाऊ, जिंकलेल्या बाजूचा, ज्याचं काहीही गेलं नव्हतं असा. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. त्याला कर्णाने गप्प बसवलं. मिलग्रमच्या रांगेत विकर्ण पुढच्या माणसांत उभा होता आणि तरीही मागे वळून बोलला.

पुढे वनात द्रौपदी हाच विषय पुन्हा काढते, या वेळी नवऱ्यापाशी. झाडाखाली झोपणारे भाऊ, वल्कलं, तिची स्वतःची अवस्था, एकेक दाखवत ती युधिष्ठिराला पुन्हा पुन्हा विचारते: हे बघून तुझा मन्यू का वाढत नाही? इथे शब्द क्रोध नाही, मन्यू आहे. तेज आणि बळ यांच्याबरोबरीने वेदात ज्याची प्रार्थना केली आहे तो: तू मन्यू आहेस, माझ्या ठायी मन्यू ठेव. राग आवरू दे म्हणणारे आपण, आणि राग दे म्हणणारी ती माणसं. युधिष्ठिर उत्तर देतो ते क्षमेची थोरवी गाणारं, लांबलचक. द्रौपदीने त्याआधीच प्रह्लाद आणि बळीचा संवाद सांगून ठेवलेला असतो: सदासर्वकाळ तेज बरं नाही आणि सदासर्वकाळ क्षमाही बरी नाही. या वादात माझं मत कुणाच्या बाजूला आहे ते सांगायला नकोच.

सभा ऐकत नसेल तर या रागाचं काय होतं, ते मी एका नोकरीत जवळून पाहिलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी महिनोन्‌महिने खपून एक अहवाल केला होता. बैठकीत तो सादर केला वरिष्ठांनी, स्वतःचा म्हणून, मुखपृष्ठावर फक्त स्वतःचं नाव घालून. बाई ऐकत होत्या. हातातल्या पेनचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘सर, पान अकरावरचा तक्ता कसा काढला, तेवढं सांगाल का सगळ्यांना?’ खोलीतला पंखा ऐकू यायला लागला. वरिष्ठ म्हणाले, ‘त्या तपशिलात आत्ता नको जायला.’ कुणीतरी वेळ कमी असल्याची आठवण करून दिली आणि पुढचा विषय सुरू झाला. टोपण बसलं ते बैठक संपेपर्यंत निघालं नाही. त्यानंतर त्या अशा बैठकांत बोलायच्या बंद झाल्या. काम चोख, वागणं सौजन्याचं. नवीन आलेल्यांना वाटायचं, किती शांत स्वभाव आहे.

इंग्रजीत या पुढच्या मुक्कामाला ‘रिसेन्टफुल’ म्हणतात. त्याच्या मुळाशी पुन्हा पुन्हा जाणवणं आहे. आपल्याकडे कुढणं आहे, धुमसणं आहे, डूख धरणं आहे. बाहेरून पाहिलं तर राग निवलेला दिसतो. खरं तर उत्तर मिळेल ही आशा तेवढी गेलेली असते आणि राग घर करून राहिलेला असतो. म्हणून आरडाओरडा करणाऱ्या, तक्रारवहीत पान पान भरून लिहिणाऱ्या, वरिष्ठांचं नाव मागणाऱ्या माणसाचा मला पूर्वीइतका कंटाळा येत नाही. त्याला अजून वाटतंय की कुणीतरी वाचेल.

समाजमाध्यमांवर तर सभा चोवीस तास भरलेली असते. ट्विटरवरच्या बंदूक-नियंत्रण, हवामानबदल अशा वादांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला होता. नैतिक आणि भावनिक अशा दोन्ही छटा असलेला प्रत्येक जादा शब्द मजकुराचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढवतो, असं त्यात दिसलं. नवल नाही. तिथे प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत, पण उत्तर ऐकायला थांबायचा रिवाज नाही. यावर जास्त लिहीत नाही, आधीच खूप लोक लिहितात, आणि तेही चिडूनच.

त्यापेक्षा उपरोधकार जोनाथन स्विफ्टकडे जाऊ. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा हा डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, १७४५ मध्ये गेला. आपला लॅटिन मृत्युलेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. जिथे हिंस्र संताप यापुढे काळीज फाडू शकणार नाही अशा जागी हा देह आहे, असं तो सांगतो. लॅटिनमध्ये शब्द तोच, ‘इंडिग्नातिओ’. काळीज फाडणारा संताप म्हटल्यावर माणूस कसा लिहीत असेल असं वाटतं? १७२९ मध्ये आयर्लंडमधल्या उपासमारीवर त्याने तोडगा सुचवला: गरिबांनी आपली पोरं श्रीमंतांना खायला विकावीत. वजनं, भाव, पाककृती, सगळा हिशेब एखाद्या सभ्य अर्थतज्ज्ञाच्या थंड आवाजात मांडलेला. एक उद्गारचिन्ह वापरून लेखक मोकळा झाला असता तर वाचणारा सुटला असता. त्याने सुटू दिलं नाही. त्याच्याआधी साधारण सोळाशे वर्षं रोमच्या ज्युवेनल या कवीने म्हणून ठेवलं होतं की प्रतिभा नसेल तर संतापच कविता लिहून घेतो. पण लगेच पुढे पुस्ती जोडली, म्हणजे माझ्यासारख्याला जमेल तसली. मला त्याची ही पुस्ती जास्त आवडते. आपल्या संतापाकडे तिरक्या नजरेने पाहता येणारी माणसं तशी कमीच.

तर भाषांतराचं काय? एकच प्रतिशब्द शोधणं मी सोडून दिलं आहे. गंभीर मजकुरात ‘चीड’ आणि ‘संताप’ आलटून पालटून चालवते. आरोप फेटाळणाऱ्या पुढाऱ्याला ‘आपल्यावर असा आरोप होऊच कसा शकतो, या थाटात’ असं लांबलचक शेपूट लावते. बायांना ‘फणकाऱ्याने’ आणि पुरुषांना ‘संतापाने’ लावायची जुनी खोड मराठीत आहे, ती कटाक्षाने टाळते. एकदा ‘अमर्षाने’ वापरून पाहिलं, तर प्रूफ तपासणाऱ्याने त्याचं ‘हर्षाने’ करून टाकलं.

सध्या हातात लहान मुलांचं पुस्तक आहे. त्यात एका बदकाच्या तळ्यात कुणीतरी न विचारता होडी सोडली आहे आणि ते काठावर उभं राहून ‘इंडिग्नंटली’ क्वॅक करतं. मी लिहिलं: ‘बदकाने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि विचारलं, ही काय पद्धत झाली?’ संपादकांनी समासात पेन्सिलीने ‘रागाने म्हणालं, एवढं पुरे?’ असं लिहून पान परत पाठवलं. मी खाली ‘नाही’ लिहिलं आणि दोन पानं भरून कारणं जोडली.